पुढे रस्ता नाही

३ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काकांचं डायलिसिस कसं चाललंय? इथे ऑफिसात शहराचं गणित मांडता मांडता डोळे शिणलेत. प्रत्येक चौक एक बिंदू, प्रत्येक रस्ता एक रेघ. कोणत्या रेघेवाचून किती जणांचं अडतं ते मोजायचं. तुमच्या गल्लीचा आकडा शून्य आला. शेवटी बंदच ना ती! म्हणून लाँड्रीपाशी भिंत घालून जागा गोदामाला देणार आहेत. पंधरा तारखेला सही. धूळ उडेल, खिडक्या लावून घे. बाकीच्या गल्ल्या पायी फिरून तपासल्या. तुमची तेवढी पाठ होती.

लोभ आहेच, रागावलीस तरी चालेल.
तुझी चिमणी

६ जून

चि. चिमणीस अ. आ.

पत्र वाचून लगेच लिहायला घेतलं. चूक माझी आहे गं. लहानपणी तू दिसेल त्या वाटेनं पळत सुटायचीस. लाँड्रीमागे कालवा, म्हणून मी रोज बजावायचे, पुढे रस्ता नाही. एवढी शिकलीस आणि नेमकं हेच खरं धरून बसलीस, वेडाबाई! तिथे बोळ आहे. अकरा पायऱ्या, छोटा पूल आणि समोर इस्पितळाचं मागलं दार. आठवड्यातून तीनदा ह्यांना मी तिथूनच नेते. वळशाच्या रस्त्याला मोठा चढ आहे, तो आता ह्यांच्यानं होत नाही. आणि एवढ्याशा अंतराला गाडीवाला थांबत नाही. मीही थकलेय. पंधराच्या आत काहीतरी कर.

माया आटू देऊ नकोस.
तुझी खोटारडी मावशी

१३ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रविवारी येऊन पायऱ्या मोजून गेले. अकराच. घरी यायला तोंड नव्हतं. नकाशात एक रेघ ओढली आणि तुमची गल्ली वॉर्डात तिसरी आली. भिंत रद्द. साहेबांनी विचारलं, एवढी मोठी चूक कशी झाली. म्हटलं, घरच्यांवर विश्वास ठेवला. आता पायऱ्यांना लागणारा वेळ भरायचाय. मी अर्धं मिनिट धरलंय. काकांना किती लागतो?

कान धरून उभी,
चिमणी

१७ जून

चि. चिमणीस अ. आ.

हिवाळ्यात दोन मिनिटं लागायची. आता नऊ. चौथ्या पायरीवर हे बसतात, शेजारी मी. दारावरून परत गेलीस म्हणून हे रुसलेत. म्हणतात, पुढच्या वेळी तिला इथेच आणून बसव. मी अंदाज घेतलाय. थोडं सरकलं की तिघं मावतात.

वाट पाहणारी,
मावशी