गच्चीवरच्या तहानलेल्या कुंड्या

बाबा,

पीएचडीच्या मुलाखतीला निघालेय. तुम्हाला उठवलं असतं तर पुन्हा तोच विषय निघाला असता. निवड झाली तर तिकडेच राहीन.

गच्चीवरच्या लाल दोरा बांधलेल्या कुंड्यांना पाणी घालू नका. गेल्या खेपेला तुम्हाला दया आली आणि माझा अख्खा प्रयोग वाया गेला. रोपं माना टाकतील, टाकू देत. पाण्यावाचून कोणतं वाण तग धरतं, तेच तर मला बघायचंय. अगदीच राहवलं नाही, तर दारातल्या गुलाबाला घाला.

भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून खा. गोळ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवल्यात.

आणि फोनवर माझा आवाज रडवेला वाटला, तरी एमएस्सीच्या वेळेसारखं लगेच न्यायला येऊ नका.

तुमची,
ठकी