तपासणीपुरती गोळी

३ जून
कुणी न विचारता लिहावयास बसले, याबद्दल प्रथम या वहीची क्षमा मागते. छापखान्यात सर्वांची वैद्यकीय तपासणी झाली. माझा रक्तदाब १५८/१०० निघाला. वय सव्वीस. मी मुद्रितशोधक आहे, चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. ही मशीनची चूक.

५ जून
डॉक्टरबाईंकडे १६०/१००. दोन्ही मशीन एकाच कंपनीची. संशयास्पद. रोज एक गोळी दिली, महिन्याने पुन्हा तपासणी. म्हणाल्या, दाब असाच राहिला तर किडन्या खराब होतात, आणि त्या आधी ओरडतसुद्धा नाहीत. फिर्यादच नाही, मग गुन्हा कसला?

१२ जून
आईने मिठाची बरणी लपवली. दादाला म्हणे, "हिच्यावर लक्ष ठेव." दादा म्हणाला, "ही बयाच सगळ्यांवर ठेवते, माझा नंबर कधी लागायचा?" ऑफिसच्या खणातले खारे शेंगदाणे दोघांनाही ठाऊक नाहीत. त्यांचे मीठ वरून लावलेले असते. ते आहारात धरू नये, असे माझे मत.

२५ जून
रोज गोळी घेतल्यास शरीरास सवय लागेल. शाळेत कायम पहिली आले, ती शेवटच्या उजळणीवर. संकल्प : तपासणीआधीचा आठवडा गोळी; शेंगदाणे बंद.

४ जुलै
१२८/८२! बाई म्हणाल्या, "शाब्बास गं, असंच चालू ठेव." ठेवणारच. मात्र लगेच लघवीची तपासणी लिहून दिली. लॅबशी संधान असावे.

८ जुलै, दुपार
रिपोर्ट : लघवीतून प्रथिने जात आहेत. बाटल्यांची अदलाबदल, उघड आहे. नाव तपासले. माझेच, शुद्धलेखनही निर्दोष. पुन्हा बाटली दिली.

११ जुलै
दुसरा रिपोर्ट तोच. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "दाब छान, तरी किडनी गळतेय. इतक्या लहान वयात! माझंच काहीतरी चुकतंय बघ. गोळी वाढवून देते." आणि जुने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. नसलेली चूक शोधत होत्या. मी समोर बसून नखे पाहत राहिले. चिठ्ठी घेऊन घरी आले.

त्यांना चार परिच्छेदांचे निवेदन लिहिले. त्यात मशीन, लॅब, आई, सर्वांचा परामर्श होता. वाचले. खोडत गेले. उरले ते पाठवले :
"मॅडम, गोळी वाढवू नका. मी ती फक्त तपासणीच्या आधी घेत होते. रोजची गोळी सकाळी घ्यायची की रात्री? हे मी विचारलेच नव्हते."
पाठवले : ११ जुलै, सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे.