पन्हळीतलं कुळ

१२ ऑक्टोबर
आज नक्की झालं. नोरीनमावशीच्या घरामागे, युकॅलिप्टसच्या कुजक्या पानांत, पुढच्या पायांनी रेशमाचे बोगदे विणून त्यांतच राहणारे किडे आहेत. कुळ ऑस्ट्रेलेम्बिइडी (स्पेलिंग तपासलं). लहानसं कुळ, आपला ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा सोडून जगात कुठे नाही. आणि माझ्या नराला पंख नाहीत! पुस्तकात म्हटलंय, नराला पंख असतात. म्हणजे जात नवी. तिला माझं आडनाव मिळणार, लॅटिन थाटात: पास्कोई.

१९ ऑक्टोबर
कोंबड्या वस्ती उकरतात. मावशीला म्हटलं, त्यांना कोंडून ठेव. म्हणाली, मग अंडी काय तुझे किडे घालणार? म्हणून वस्ती पानांसकट छपराच्या पन्हळीत हलवली. सावली, शांतता. उत्तम अधिवास.

३ नोव्हेंबर
ओल टिकावी म्हणून सबंध पन्हळ पानांनी भरली. पानं सध्या कोरडीच आहेत. नर डबीत घालून शहरातल्या संग्रहालयाला पाठवला.

१६ नोव्हेंबर
पाऊस नाही. गावच्या अग्निशमन स्वयंसेवकांची कॅप्टन बेव्ह हॅनराटी कुंपणावरून ओरडली: डेस, शहाण्या, पन्हळ आहे का शेकोटी? पानं काढ, खालच्या पाइपात टेनिसचे चेंडू कोंब आणि पन्हळ पाण्यानं भर, वणव्याच्या दिवसांत सगळे भरतात तशी. मी शांतपणे सांगितलं, वस्ती बुडेल. म्हणाली, मग पोहायला शिकव त्यांना!
अशा माणसांमुळेच विज्ञान मागे राहतं.
संकल्प: शनिवारी पानं काढायची. संग्रहालयाचं उत्तर आलं तर.

२८ नोव्हेंबर
उत्तर नाही. वारा पश्चिमेचा. भर दुपारी सूर्य तांबडा. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख. मावशीनं फोटोंचे अल्बम गाडीत नेऊन ठेवले. म्हणाली, बाळा, माझ्यासाठी कर ना एवढं, मला आता शिडी चढवत नाही. उद्या नक्की, म्हटलं. पण माद्या अंड्यांपाशी बसल्यात. अशा वेळी हलवणं बरं नाही.

२९ नोव्हेंबर
चेंडू आणायला गेलो. दुकानातले संपलेत. लोक किती घाबरट! येताना एकही पक्षी ओरडला नाही.

३० नोव्हेंबर, दुपार
डोंगरामागून धूर. बेव्ह म्हणते, निघा, आत्ताच्या आत्ता. मी शिडी लावली होती. हे नोंदवून ठेवतो.

४ डिसेंबर, गावचा हॉल
शेजारची घरं उभी आहेत. आमची पोस्टाची पेटी तेवढी राहिली. ठिणगी पन्हळीत पडली, असं बेव्ह माझ्याकडे न बघता म्हणाली.
संग्रहालयात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, या कुळातले बरेचसे नर बिनपंखीच असतात. तुमचा नेहमीचाच, शहरातल्या अंगणांतही सापडतो. मी आभार मानले. डबी परत कुठल्या पत्त्यावर पाठवू, असं त्यांनी विचारलं.
मी पत्ता सांगितला. रस्त्याच्या नावाचं स्पेलिंग दोनदा. मावशी शेजारच्या खाटेवरून ऐकत होती.