पेत्रोच्या आईचा शुक्रवारचा फोन

मी, एकनाथ सखाराम धुरी, मूळ गाव मिठबाव, तालुका देवगड, हल्ली मुक्काम दुक्म, ओमान, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. छातीत स्टेंट बसला तेव्हापासून हे राहून जात होतं. काल जे ऐकलं त्यानंतर आज लिहायला बसलोच. डोकं ठिकाणावर आहे.

१. मिठबावचं घर, हापूसची कलमं आणि बँकेतली शिल्लक पत्नी प्रभावती हिची. तिने कोणाची परवानगी मागायची नाही, जावयाची तर मुळीच नाही.

२. माझा ग्राइंडर आणि वेल्डिंगचं सगळं सामान गाला वसाहतीतल्या गॅरेजवाल्या झुबेर मुकादमला. दरवेळी मागून नेतो आणि परत देताना उपकार केल्यासारखं तोंड करतो. आता कायमचं ने बाबा, खलास.

३. चुलतभाऊ जितेश यास काही नाही. त्याने कुंपण माझ्या आवारात सरकवलं आहे, तेवढा वाटा त्याला पुरे.

४. आता मुख्य गोष्ट. कामगारांच्या कॅम्पात माझ्या खोलीत क्रेनवाला पेत्रो राहायचा. रशियातल्या कुबान नदीकाठचा, कोसाक म्हणजे जुन्या घोडेस्वार शिपायांच्या वंशातला. त्याच्याकडून मी रशियन शिकलो असं सगळ्यांना छाती फुगवून सांगायचो. एकदा रशियन इंजिनिअरशी बोलायला गेलो, तर तो पोट धरून हसला. म्हणे, ही रशियन नव्हे, कोसाकांच्या खेड्यांतली बलाच्का. म्हातारी माणसं बोलतात. मालवणी शिकून पुण्यात शुद्ध मराठीचा तोरा मिरवावा, तशी माझी गत झाली.

मागच्या वर्षी पेत्रो झोपेतच गेला. गावी त्याची आई, डोळ्यांनी अधू. त्याची मुलगी ओक्साना दूर शहरात असते. ती फोनवर रडत म्हणाली, आजीला कळलं तर ती जगायची नाही. मला तिची बोली धड येत नाही, काका, तुम्हाला येते. तेव्हापासून दर शुक्रवारी मी पेत्रो होऊन फोन करतो. घसा बसलाय, लाइन खराब आहे, अशा थापा मारतो. तिकडे आईला अहो-जाहो करतात, तेही सांभाळलं.

काल म्हातारी शांतपणे म्हणाली, "माझा पेत्रो मला कधी 'जेवलात का' विचारत नसे. तू पहिल्या फोनपासून विचारतोस. तेव्हाच कळलं मला. तो गेला, हो ना?"

मी हबकलो. आपल्याकडे फोन लागला की पहिला प्रश्न तोच, जीभ आपसूक वळते. हो म्हणालो. मग विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत?

"बोलले असते तर तू फोन बंद केला असतास. शेजारीपाजारीही आता रशियनच बोलतात. या बोलीत माझ्याशी बोलायला उरलंय कोण, पोरा?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ज्या माउलीला आपण सांभाळतोय असं वाटत होतं, तीच मला सांभाळत होती.

५. सबब, मी पेत्रोच्या आईआधी गेलो तर मुलगी ज्ञानदा हिने तिला फोन करावा. ज्ञानदाला घरची मालवणी मी शिकवली नाही, तिचं मराठीही अडखळतं. बलाच्का कुठून येणार? म्हणून 'जेवलात का?' एवढं एकच वाक्य बलाच्कात, माझ्या आवाजात तिच्या मोबाइलवर पाठवून ठेवलं आहे. ते पाठ करून विचारावं. परक्या आवाजात तो प्रश्न ऐकला की मी गेलो हे म्हातारीला कळेल. मग ती जे बोलेल ते, कळो न कळो, ज्ञानदाने ऐकत राहावं. फोन आपण होऊन ठेवायचा नाही.

वरील सर्व वाचून, मान्य करून सही केली.

एकनाथ सखाराम धुरी

साक्षीदार: १. अलीमियाँ काझी, गाला. २. कौशिक राणे, दुक्म.
(झुबेर सहीला आला होता. वाटेकऱ्याला साक्षीदार होता येत नाही म्हटल्यावर रुसला.)

ठिकाण: दुक्म, ओमान. शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६.