एकाच शिक्क्याची बारूद

प्रिय कोरीन,

मी अजून जिवंत आहे, हे तुला आठवावं म्हणून हे पत्र. ईस्टरला फोन करते म्हणालीस. आता बटाटे काढायला आलेत. बरं, माझा नंबरच विसरलीस म्हणावं, तर परवा तो बरोबर आठवला, कारण पिंप हवं होतं. आजोबांची रायफल तुझ्याकडे आहे, एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना यंदा पहिल्यांदा तुझ्या नावानं निघालाय, आणि त्या रायफलीसाठी आजोबांच्याच पिंपातली बारूद वापरून काडतुसं भरायची, असं तुझ्या मनानं घेतलंय. आजी, नाही म्हणू नकोस, एवढं बोलून तू फोन ठेवलास. तर उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी आहे. लिहून घेतेय शेजारची विल्मा. मी बोलते तेवढंच लिही असं तिला बजावलंय, तरी मधूनच ती ओठ आवळते, म्हणजे माझं काहीतरी गाळत असणार.

तुला वाटतं ती बारूद आजोबांनी आणली. सगळ्या खोऱ्याला तसंच वाटतं. आणली मी.

लढाई संपली तेव्हा तोफगोळे ढिगानं उरले होते. आतली बारूद काढून लष्करानं ती विकायला काढली आणि आमच्यासारख्यांचं फावलं. दुकानातली तयार काडतुसं घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. उडालेल्या पुंगळ्या गवतातून वेचून आणायच्या आणि घरी पुन्हा भरायच्या. भरायचं यंत्र माझ्या स्वयंपाकाच्या टेबलालाच आवळलेलं असायचं. त्याला वळसा घालून मी जन्मभर पाव मळले. पण लष्कराची बारूद एका घाण्याची दुसऱ्यासारखी नसते. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एक रमतगमत जळते आणि दुसरी तापट. तापट बारूद मंद बारुदीच्या मापानं भरली, तर रायफल तोंडावर फुटते. म्हणून आमची रीत अशी, की सगळ्या वस्तीनं मिळून एकाच शिक्क्याचं, म्हणजे एकाच घाण्याचं पिंप घ्यायचं, अगदी थोडक्या बारुदीपासून सुरुवात करून, कणाकणानं वाढवत प्रत्येकानं आपापली रायफल त्यावर जमवायची, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडायचा. उरलेली बारूद ज्या डब्यातली त्याच डब्यात परत. आजोबा याबाबतीत पाद्र्याहून कडक. जेवायला आलेल्या माणसानं सहज दुसऱ्या डब्याच्या झाकणाला हात लावला, तरी ते हातातला घास खाली ठेवायचे.

एकदा पिंप तळाला गेलं ते नेमकं पुरुष सगळे वर लाकूडतोडीला असताना. आजोबा रविवारपुरते खाली आले होते. डोंगरापलीकडच्या विक्रीच्या आवारात जायला मोकळी फक्त मी, आणि मला अक्षर ओळखता येत नाही. मेंढरांमागे वाढलेल्या पोरीला शाळा कुठली. आजोबांनी जुन्या पिंपावरचा शिक्क्याचा कागद अलगद सोलला, माझ्या हातमोज्यात सरकवला आणि म्हणाले, "ऑर्फा, एक रेघ जरी वेगळी दिसली तरी हात हलवत परत ये." दुसरी कुणी बाई असती तर तिला भीती वाटली असती. मला आनंद झाला. वस्तीतली प्रत्येक रायफल त्या माणसानं माझ्या हातमोज्यात ठेवली होती.

आवारात पुरुषांची रांग होती. मी शिरले तशी सगळी वळून बघायला लागली. कानटोपीतल्या विक्रेत्यानं विचारलं, अख्खं पिंप म्हणजे नवऱ्याला उडवायचा बेत आहे की काय, बाई. मी म्हटलं, त्याला चमचाभर पुरेल, बाकीची या मंडळींसाठी. मग हसले सगळे. मी कागद काढला आणि कापडाच्या ठाणाला ठाण जुळवावं तशी एकेका पिंपाला लावत निघाले. पुढची सगळी वेगळी निघाली. विक्रेता चांगला माणूस होता. वाद न घालता स्वतःच ढिगावर चढला. रांगेतल्यांनी कुरकुरत पिंपं हलवली आणि अगदी मागे, भिंतीशी, माझ्या कागदातली रेघ न रेघ सापडली. येताना घाटात बर्फ लागलं. पिंप मी गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं, पाहुण्यासारखं, आणि आख्ख्या वाटेत एकही सिगारेट ओढली नाही, जे लग्नापासून पहिल्यांदाच घडत होतं.

आजोबांनी घरात येताच शिक्का पाहिला. माझी खुर्ची ओढून मला बसवलं आणि कॉफी स्वतः केली, अगदी वाईट. पुढच्या रविवारी शेजारीपाजारी काचेच्या बरण्या घेऊन आले आणि वाटणी झाली. त्या हिवाळ्यात वस्तीत मांसाविना एकही चूल नव्हती. तुझ्या बापानं पहिलं एल्क पाडलं तेही त्याच पिंपातल्या बारुदीवर. विल्मा म्हणते, आजी, जरा कमी मिरवा. का म्हणून?

नंतर नंतर शिकारी थकले, वाटेकरी गेले, आणि तळाची बारूद आमच्याकडेच राहिली. आजोबा तरी रोज त्या टेबलाशी बसायचे. ते असताना तू शेवटची आलीस तेव्हा त्यांनी तुला दोनदा विचारलं होतं, कॉफी घेणार का, आणि तू दोन्ही वेळा हो म्हणालीस, गुणाची पोर. ते तुझ्या बापाला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागले. घोडे कुठे आहेत म्हणून विचारायचे, तेव्हा मी म्हणायची, कुरणात आहेत. घोडे तू जन्मायच्या आधीच विकले होते. माणसं दारात यायची, लाइलला जरा विचारायचंय म्हणायची, कारण बारुदीचा शेवटचा शब्द या खोऱ्यात तुझ्या आजोबांचाच. मी म्हणायची, ते झोपलेत. सगळे म्हणायचे, ऑर्फा फार खडूस झाली म्हातारपणी. म्हणेनात का.

आता तुझं उत्तर. नाही. एका सकाळी मी कोंबड्यांना दाणे घालून आत आले, तर फळीवरचे वेगवेगळ्या घाण्यांचे सगळे डबे टेबलावर उघडे, आणि आजोबा एकेक डबा त्या पिंपात रिता करत होते. किती नीट, एक कण सांडला नव्हता. रिकामे डबे पुसून ओळीनं उपडे घातले होते. त्यांनी मान वर केली, चेहरा उजळलेला. "ऑर्फा, बघ, सगळं एका जागी आवरलं." मी म्हटलं, छान केलंस. दुसरं काय म्हणणार होते? पिंपाला झाकण लावून मी ते माझ्या पलंगाखाली सारलं. फेकलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि त्यांची कुणी कीव केलेली मला चालली नसती. पण तू फोन ठेवलास आणि मला कळलं, आता हे घरात राहून उपयोगाचं नाही. त्या रायफलीच्या मागे तुझा गाल असणार आहे. काल मी ते हातगाडीवर घालून नदीकाठच्या खडीवर नेलं आणि पातळ पसरून पेटवलं. कुठे भसकन जळली, कुठे सावकाश. एका पिंपात किती घरं नांदत होती ते मला दिसलं. विल्मानं धूर पाहून विचारलं तेव्हा मी कचरा म्हणाले होते, म्हणून ती आता माझ्याकडे डोळे वटारून बघतेय. बोलणार नाही ती कुणाकडे. तिचीही एक गोष्ट माझ्याकडे आहे. तूही बोलू नकोस. विचारलं कुणी, तर पिंप संपलं म्हण. दुकानातून नवा डबा आण, एकच, आणि थोडक्यापासून सुरुवात करून रायफल नव्यानं जमव, तुला शिकवलंय तसं. तुला शिकवलं तेव्हा त्यांचं डोकं लख्ख होतं, आणि त्यांनी शिकवलेलं या खोऱ्यात आजवर कुणाच्या तोंडावर उडालेलं नाही. आणि एल्क पडलं, की त्याचं काळीज आणि जीभ बर्फात घालून मला पाठव. तुझा बाप पाठवतो तसलं वाळवलेलं मांस नको. उरलेले दात मला थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पुरवायचेत.

तुझीच खडूस,
आजी ऑर्फा