श्वास न घेणारा कोट

३ ऑगस्ट, रविवार

कारखान्यात लागले त्या पहिल्या दिवशी तपासणीच्या टेबलावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "शर्ट उलटा करून बघायचा. सुलटा काय, सगळेच छान दिसतात." एकवीस वर्षं शर्ट उलटे करते आहे. ती सवय घरी आणत नाही. घरी माझा सगळ्यांवर विश्वास आहे.

नवरा दुपारी मासे पकडून आला. म्हणजे न पकडून. सकाळभर पाऊस होता आणि हा कोरडा. मोजेसुद्धा कोरडे. (धुवायला घेताना सहज हात लागला.) चार महिन्यांतले मासे: शून्य. पिशवीत थर्मासबरोबर कप: दोन.

संशय नाही. फक्त नोंद.

५ ऑगस्ट, मंगळवार

मला मासेमारीची आवड आहे, हे आज लक्षात आलं.

जेवताना म्हटलं, मी पण येते तळ्यावर, सतरा तारखेला. आता सबबी सुरू होतील म्हणून तयारीत बसले. तर म्हणाला, "ये की."

इतक्या सहज? ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस आधी जरा आढेवेढे घेतो. मग हळूच म्हणाला, "भिजशील मात्र." सापडला! ऐन वेळी हेच काढणार. पाऊस आहे, तू राहू दे, सर्दी होईल.

तर आता वॉटरप्रूफ कपडे, डोक्यापासून पायापर्यंत. फट म्हणून ठेवायची नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

दुकानात दीड तास. दुकानदार गोड बोलणारा, म्हणजे सावध राहायला हवं. त्याने हलकं, मऊसर जॅकेट पुढे केलं. म्हणाला, हे कापड श्वास घेतं. म्हटलं, श्वास घेतं म्हणजे भोकं आहेत. म्हणाला, आहेत, पण इतकी बारीक की अंगातली वाफ बाहेर जाते आणि पाणी आत येत नाही. म्हटलं, एकाच दारातून एकाला सोडतो आणि दुसऱ्याला अडवतो, असा वॉचमन मी अजून पाहिला नाही. मागचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदार नाही हसला.

जॅकेट उलटं केलं. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली. टेप कशाला? काहीतरी झाकायलाच ना! आमच्या टेबलावर असा माल बाजूला काढतात.

शेवटी जाड रबरी कोट घेतला. भोकं नाहीत, श्वास नाही, भानगड नाही. सोबत छातीपर्यंत येणारी रबरी विजार, बुटांसकट. दुकानदार दोनदा म्हणाला, "बाई, यात उकडेल." महाग माल खपला नाही की उकडायला लागतंच.

१० ऑगस्ट, रविवार

नवरा तळ्यावर. मी चाचणी घेतली. कोट-विजार घालून शॉवरखाली पंधरा मिनिटं. मग त्याच वेशात चार जिने चढ-उतार, कारण तळ्याकाठी चालावं लागणार. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, पाहिलं आणि काही न विचारता लावून घेतलं. लेक म्हणाली, "आई, तू आंघोळ करत्येस की आंघोळीपासून लपत्येस?"

कोट काढला. आतून चिंब! ब्लाउज पिळून निघाला. मला माहीतच होतं, त्या माणसाने गळका माल गळ्यात मारला.

नवरा आला. कोरडा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कोट घेऊन दुकानात. आवाज चढवला नाही, पण फूटपाथवर ऐकू जाईल इतपत ठेवला. दुकानदाराने वाद घातला नाही. कोटाची बाही खालून बांधली, बादलीभर पाणी आत ओतलं आणि खुंटीला टांगली. म्हणाला, बसा. बसले. अर्धा तास. एक थेंब खाली पडला नाही.

मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, ते पाणी बाहेरचं नव्हतं. तुमचंच होतं."

त्याला सांगितलं, आमच्या घराण्यात कोणाला एवढा घाम येत नाही. म्हणाला, बदलून देतो, ते श्वास घेणारं घेऊन जा. म्हटलं, नको. एवढ्या आग्रहाने कोण बदलून देतं? यातही काहीतरी असणार.

१६ ऑगस्ट, शनिवार

उद्यासाठी ठरवलंय: काही विचारायचं नाही. नुसतं बघायचं. शांत, हसतमुख. बायको नव्हे, निसर्गप्रेमी. संशयाचा स मनात आणायचा नाही.

पिशवी पुन्हा पाहिली. कप दोनच. म्हणजे मी येणार म्हणून तिसरा घेतलेला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी सात

तळ्याकाठी पत्र्याची शेड आहे. सगळे तिच्याखाली साध्या कपड्यांत बसतात. गळ तेवढा पावसात. मोज्यांचा प्रश्न मिटला. दुसरा कप नावाड्याचा. नावाड्याला मिशा आहेत. ती नोंद खोडली.

मी मात्र छातीपर्यंत रबरात. चालताना विजारीचा असा आवाज येत होता की शेडमधल्यांनी एकदम माना वळवल्या. एवढा खर्च केलाय तर वापरावा म्हणून पाण्यात उतरले. तिसऱ्या पावलाला खड्डा. विजारीत वरून पाणी भरलं. दुकानदार खोटं बोलला नव्हता, आतलं पाणी खरंच बाहेर जात नाही. नावाड्याने आणि नवऱ्याने दोन्ही बगलांत हात घालून मला ओढून काढलं.

नवरा हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. असा शेवटचा कधी हसला होता ते आठवत बसले, आठवलं नाही.

त्याच्या शर्टात गुंडाळून शेडमध्ये बसले. चांगलं वाटत होतं. तेवढ्यात नावाडी म्हणाला, "साहेबांना मासे पकडायचेत कुठे? गळाला आमिषच लावत नाहीत."

काही विचारायचं नाही असं ठरलं होतं. विचारलं. का नाही लावत?

नवरा म्हणाला, "मासा लागला की काहीतरी करावं लागतं."

मग येतोस कशाला?

पाण्याकडे बघत म्हणाला, "इथे मला कोणी काही विचारत नाही."

रागाने नाही म्हणाला. राग असता तर पकडता आलं असतं.

मी लगेच गप्प झाले. घड्याळात बघून चार मिनिटं. मग विचारलं, कोणी म्हणजे कोण? त्याने गळ गुंडाळायला घेतला. अजून अकरासुद्धा वाजले नव्हते. नावाडी म्हणाला, साहेब दोनच्या आत कधी उठत नाहीत.

१९ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी सहा

काल कोट परत केला. दुकानदाराने अर्धेच पैसे दिले, मी कुरकुर केली नाही. तो दचकला.

दोन दिवस नवऱ्याला एकही प्रश्न विचारलेला नाही. काल रात्री त्यानेच विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बरं आहे. तो पुन्हा म्हणाला, "नक्की?" उलटतपासणीला तोंड देणं किती अवघड असतं, हे कारखान्यातल्या शर्टांना आधी कळलं असेल.

तो उठला, दात घासतोय. पाच मिनिटांत बाहेर येईल. 'नाही' म्हणणार, माहीत आहे. हसणं एकदाचं असतं, दर रविवारी कोण स्वतःची झडती सोबत नेतं? मी त्याच्या जागी असते तर नसती नेली. का नाही म्हणतोस, हे विचारणार नाही, एवढं मात्र नक्की ठरवलंय. बहुतेक.

वाक्य तयार आहे. दोनदा खोडून लहान केलं.

रविवारी मला पण ने ना रे.