तेहेतीस अनारसे

६ मार्च २००७, मंगळवार
कोर्टातून दुपारी परत. समीरला एक वर्ष प्रोबेशन, म्हणजे तुरुंग नाही, नुसती देखरेख. नीट वागला तर रेकॉर्ड पुसतील म्हणे. मुग्धा गाडीभर रडली. मी नाही. मला राग आलाय. छत्तीस वर्षांचा घोडा, एम.एस. झालेला, आमचा एकुलता एक जावई, आणि डिकीत गांजा!
ह्यांचं आपलं, "अगं पुडी केवढी, चिमूटभर बडीशेपेएवढी."
बडीशेप असती तर कोर्टात कशाला गेलो असतो.
समीरला म्हटलं, डिकी उघडलीसच का? म्हणाला, "आई, मागचा दिवा गेला होता म्हणून पोलिसाने थांबवलं. मग तो म्हणाला, माइंड इफ आय टेक अ लुक? मी म्हटलं, शुअर, प्लीज." शुअर, प्लीज! पाहुण्याला घर दाखवावं तशी स्वतः उतरून डिकी उघडून दिली. गेल्याच वर्षी अमेरिकन सिटिझन झाला. ह्यांनीच प्रश्नोत्तरं घोकून घेतली होती. झडतीला वॉरंट लागतं हे उत्तर परीक्षेत बरोबर दिलं आणि रस्त्यात नापास.

११ मार्च, रवि.
मु.कडे गेलो. सरकारी लखोटा आलाय. नियम चार पानी. राज्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही. दारू नाही. खोकल्याचं औषध विचारून. पॉपी सीड असलेलं काही खायचं नाही, तपासणीत अफूसारखं दिसतं, सबब चालणार नाही. खाली समीरची सही. बावीस वर्षं लायब्ररीत काढली मी, कागद कसा वाचायचा कळतं. सगळा मोठ्यांदा वाचून दाखवला आणि फ्रिजवर लावला. मु.ने ते काळे दाणे लावलेले बेगल आणि लिंबाचे मफिन तिथल्या तिथे कचऱ्यात टाकले.
रोज सकाळी एका नंबरावर फोन करायचा. रेकॉर्डिंग एक रंग सांगतं. आपला रंग आला की कामावरून उठून लघवी द्यायला जायचं. समीरचा रंग तपकिरी. कोण रंग वाटतं देव जाणे.

२२ एप्रिल, रवि.
सगळे आमच्याकडे जेवायला. समीर चार किलो तरी उतरलाय. आतापर्यंत सहा वेळा तपकिरी, सहाही स्वच्छ. एक माणूस समोर उभा राहून बघतो म्हणे. सांगताना पानाकडे बघत होता.
मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, एक वर्ष हा हा म्हणता जाईल. हे भडकले. "नियम माणसाच्या कुठपर्यंत पोचावा याला काही मर्यादा? त्याने कोणाचं काय बिघडवलंय?" शी, जेवताना काय बोलणं हे. पण मी ऐकवलंच, बिघडवलं नाही तर मग लपवलं कशाला?
समीर म्हणाला, "आई बरोबर आहे, बाबा." पोर गुणी आहे हो. राग धरवत नाही.

१३ मे, रवि.
नागपूरहून समीरच्या भावाचा, प्रशांतचा, फोन. विहीणबाईंचं डायलिसिस आता सोसत नाहीये. डॉक्टर म्हणाले, मोठ्याला बोलावून घ्या. गांजाबिंजा तिकडे कोणालाच माहीत नाही. सांगायची हिंमत कोणाची आहे?
समीरच्या वकीलबाई परवानगीचा अर्ज करताहेत.

१७ मे, गुरु.
आजपासून अधिक महिना. सकाळी नागपूरला फोन लावला. विहीणबाईंचा आवाज खोल गेलाय, पण जीभ तशीच. "जावयाला तेहेतीस अनारसे कराल ना? गेल्या अधिकात तुम्ही बत्ताशांवर भागवलं होतं, लक्षात आहे जी माझ्या."
बाई! अंथरुणावर पडून टोमणा! हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.
"आणि खसखस लावाल चांगली. हात आखडू नका. माझ्या समीरला फार आवडते."
म्हटलं, मोजून तेहेतीस करीन, आणि तुमच्यासाठी डबा त्याच्याबरोबर देईन. "बस, तोच येऊ द्या," म्हणाल्या.

२४ मे, गुरु.
परवानगी मिळाली!! ९ ते ३० जून. जज्ज बरा निघाला, "तुमच्या आईला भेटून या," असं म्हणाला म्हणे. तिकीट झालं. व्हिसा आहेच. मु. किती दिवसांनी हसली.
तांदूळ भिजत घातले. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं.

२ जून, शनि.
दिवसभर अनारसे. पहिले दोन कढईत हसले, पार विरघळून गेले, मीपण वैतागले. पीठ सैल झालं होतं. मग हे म्हणाले, तूप जास्त तापलंय. आयुष्यात एकदा स्वयंपाकातलं खरं बोलले. पुढचे मस्त जाळीदार. खसखशीचं नवं पाकीट फोडलं, इंडियन स्टोअरमधलं, सगळं संपवलं. हात आखडला नाही.

३ जून, रवि.
वाण दिलं. चांदीचं ताट, निरांजन, तेहेतीस अनारसे. समीरने सोवळं नेसल्यासारखा चेहरा केला होता. मग बसून अकरा खाल्ले! मु. ओरडली, पोट बिघडेल. "आईचा हुकूम आहे," म्हणाला. कोणती आई ते नाही सांगितलं. संध्याकाळी डबा घरी घेऊन गेला.
आजचा दिवस चांगला गेला. फार दिवसांनी असं लिहितेय.

४ जून, सोम.
तपकिरी आला. जाऊन आला. आता निघेपर्यंत नको यायला.

८ जून, शुक्र.
प्रोबेशन ऑफिसरचा समीरला ऑफिसात फोन. सोमवारचा नमुना पॉझिटिव्ह. गांजा नव्हे. अफूवर्गातलं काहीतरी. परवानगी रद्द. विमान उद्या आहे.
आम्ही धावत मु.कडे. समीर सोफ्यावर, बॅग भरून शेजारी. आणि मी काय केलं? त्याच्यासमोर उभी राहून विचारलं, "खरं सांग, अजून काय काय घेतोस?"
म्हणाला, "काही नाही, आई." मी म्हटलं, मग आकाशातून पडलं का?
हे बोलले मला, सगळ्यांदेखत. बोलू देत.

९ जून, शनि.
सकाळी चहा करताना डोक्यात आलं. कसं आलं, माहीत नाही. कपाटातून जुना शब्दकोश काढला. पॉपी. अफूचं झाड. पॉपी सीड, खसखस.
खसखस.
इथले पॉपी सीड काळे, आपली खसखस पांढरी. जन्मभर हातात खेळवलेली वस्तू, बाळांना द्यायची, शिऱ्यात, कडबोळ्यात. तिला मी कधी इंग्रजीत ओळखलंच नाही. कागद मी वाचला, मोठ्यांदा, शब्दन् शब्द, उच्चारासकट. आणि आम्ही टाकून काय दिले, तर मफिन.
समीरला फोन केला. रडत काय बोलले कोणास ठाऊक. तो म्हणाला, "आई, मला तरी कुठे कळलं?" काल मी त्याला काय काय बोलले त्याचा उल्लेखही नाही. एक शिवी तरी द्यायची होतीस रे.
विमान साडेपाचला सुटलं असणार.

११ जून, सोम.
वकीलबाईंना सगळं सांगितलं. पाकीट दाखवलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, ऑफिसर रोज पॉपी सीडच्याच गोष्टी ऐकतो, म्हणून तर नियमात लिहिलंय. आणि खाली सही आहे. लॅब सांगते अफूचा अंश आहे, तो मिठाईतून आला की सुईतून, ते सांगत नाही. पॉझिटिव्ह ठरवायची त्यांची रेघच फार खाली आखलेली आहे.
सुनावणी २२ ला. म्हटलं, त्याची आई मरतेय हो. "आय नो," म्हणाल्या. चांगली आहे बाई. पण २२ म्हणजे २२.
ज्या दुकानात खसखस घेतली तिथे ती अजून रॅकवर आहे, कोणीही घ्यावी. आणि माझा जावई घरात बसलाय.

१२ जून, मंगळ.
नागपूरला काय सांगायचं यावर सकाळभर वाद. समीर म्हणाला, खरं सांगतो, कंटाळलो. मीच नको म्हटलं. मरणाच्या दारात बाईला काय सांगणार, मुलगा गांज्याच्या केसमध्ये अडकलाय? आणि तुम्ही सांगितलेली खसखस...? छे. ऑफिसचं काम निघालं म्हण, दोन आठवड्यांत येतो म्हण. मी गळ घातली, त्याने ऐकलं.
स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या, "बरं बेटा. नोकरी सांभाळ." मग मला, "अनारसे कसे झाले?"
"छान झाले. अकरा खाल्ले त्याने."
"खसखस?"
"भरपूर."
"मग झालं," म्हणाल्या.

१६ जून, शनि.
कालपासून शुद्ध हरपलेली. समीर प्रशांतला फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगतो आणि बोलत बसतो, सारखा, आई येतो, आई येतो. मु. दुसऱ्या खोलीत. मी भांडी घासली. घासलेलीच परत घासली.
ह्यांनी कोर्टाला हाताने पत्र लिहिलंय. "मी या देशात तेहेतीस वर्षं कर भरला आहे" इथून सुरुवात. वकीलबाई म्हणाल्या, पाठवू नका.

१९ जून, मंगळ.
विहीणबाई गेल्या. तिकडे दुपारी, इथे पहाटे. अग्नी प्रशांतने दिला. मोठा असताना धाकट्याने.
समीरने सकाळी उठून अंघोळ केली आणि त्या नंबराला फोन केला. रोजच्यासारखा. आज तपकिरी होता. गेला. समोर माणूस उभा, आणि आई जाऊन काही तास झालेले. मी इतके दिवस याला नियम म्हणत होते. हा नियम नाही. हा छळ आहे. लिहून ठेवते, निदान या वहीत तरी.

२२ जून, शुक्र.
सुनावणी. उरलेले चार अनारसे मी डब्यात घेऊन गेले होते, जज्जला दाखवायला. दारावरच्या शिपायाने डबा उघडला, वास घेतला, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून काढून घेतला. मी म्हटलं, हे खाणं नाही, पुरावा आहे. "मॅम, स्टेप असाइड."
साक्ष दिली. आधी अधिक महिना कसा, वाण कसं, तेहेतीसच का, सगळं इंग्रजीत. अनारशाला इंग्रजीत काय म्हणणार? राइस कुकी म्हटलं. माझंच मला हसू आलं, कोणी हसलं नाही. ऑफिसर तरुण मुलगी, वाईट नाही. तिने फक्त कागद पुढे केला. पॉपी सीड. सही. तुम्ही स्वतः वाचलं होतंत ना, मॅम? हो. मोठ्यांदा? हो.
आई गेली हेही वकीलबाईंनी सांगितलं. जज्ज म्हणाला, सॉरी फॉर युअर लॉस. मग लॅबचा तज्ज्ञ हवा म्हणून तारीख ७ ऑगस्ट. तोवर राज्याबाहेर नाही.
बाहेर समीर माझा हात धरून पायऱ्या उतरला. जणू मीच आजारी.

१ जुलै, रवि.
तेरावा आमच्याच घरी केला, आपला साधा. गुरुजी फोनवरून मंत्र सांगत होते. समीर हल्ली बोलत नाही. टीव्हीवर ४ जुलैच्या आतषबाजीच्या जाहिराती. ह्यांनी बंद केला.

८ जुलै, रवि.
सकाळी मु.कडे होते. प्रशांतचा फोन. समीर अंघोळीला, मु. दुकानात, म्हणून मी घेतला. अस्थी अजून ठेवल्यात, दादासाठी. घरातले लोक विचारताहेत, किती दिवस ठेवायच्या? मग त्याचा आवाज चढला. "काकू, दादाला आई गेल्यावरसुद्धा रजा मिळत नाही? असली कोणती नोकरी आहे हो?"
मला ते सहन झालं नाही. सगळं सांगितलं. डिकी, कोर्ट, तपकिरी रंग, अनारसे. अनारसे मी केले, त्याने खाल्ले, म्हणून तो आला नाही. त्याने नोकरी नाही सांभाळली रे, त्याला सोडलंच नाही.
मग प्रशांत म्हणाला, "शेवटच्या दिवशी शुद्ध आली होती काकू, थोडा वेळ. म्हणाली, समीरला सांग, मी रागावले नाही, पण काम काय कधी संपत नसतं." आणि मग, "आईला खरं का नाही सांगितलंत? ती काही बोलली नसती हो. तिने तुम्हालाच समजावलं असतं."
न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. समीर विचारत होता, "आई, कोणाचा फोन?"